बोरिंगच्या पाण्याची बाटली घेऊन लॅबमध्ये जा

तुझा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर तुला लगेच दिसेल. चोपडा तालुक्यातल्या गावातून तू रोज एसटीने कॉलेजला जातोस. एस.वाय. बी.एस्सी.ला आहेस, मुख्य विषय केमिस्ट्री, एफ.वाय.ला ७८ टक्के. प्रॅक्टिकलची रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवून घेता. शिकवणारे दर सहा महिन्यांनी बदलतात. इंग्रजी पुस्तकाची दोन पानं झाली की डोळे मिटतात. पुण्यात गेलेला मित्र म्हणतो, ‘तिथे राहून तुझं काही होणार नाही.’ घरी अडीच एकर केळी आहे, वडील ‘जा’ म्हणतात, पण पैशाचा विषय निघाला की गप्प होतात. म्हणून तू विचारतोस: ‘मॅडम, कॉलेज बदलू का? इथे राहून सायन्समध्ये पुढे जाता येतं का?’

मी एकतीस वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना?

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मार्कशीटवर कोणत्या कॉलेजचं नाव असावं, हा एक. दीड वर्षात एकही गोष्ट तू स्वतः मोजलेली नाहीस, हा दुसरा. तू पहिल्याबद्दल विचारतोयस, पण दुखतंय दुसरं. आणि ते दुखणं तू पुण्याच्या गाडीत बसलास तर तुझ्यासोबतच येईल. हे मी अनुभवाने सांगते. १९८४ साली मी एम.एस्सी.ला पुण्याला गेले. तेव्हा उमवि, म्हणजे जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, नव्हतं, ते १९९० ला झालं. त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखालीच होती. म्हणजे पदवी पुणे विद्यापीठाची, मार्क वरच्या फळीतले, आणि पहिल्याच आठवड्यात मी वजनपेटीतली पितळी वजनं चिमट्याऐवजी बोटांनी उचलून तराजूत ठेवली. बाजूला उभ्या असलेल्या सरांनी काही न बोलता पेटी माझ्यासमोरून उचलली आणि बंद केली. बोटाचा घाम लागला की वजन बदलतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. हात मात्र कधी तिथवर गेलाच नव्हता.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगून टाकते. तुझ्या कॉलेजात टी.वाय.ला केमिस्ट्री स्पेशल नसेल, किंवा लॅब खरोखरच बंद असेल, म्हणजे गॅस नाही, डिस्टिल्ड वॉटर नाही, ब्युरेटच्या (द्रावण थेंब थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीच्या) तोट्या गळतात आणि कुणी त्या बदलत नाही, तर कॉलेज बदलण्याचा विचार जरूर कर. पण तेव्हाही आधी जळगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर बघ. आपल्या भागात जुनी, मोठी लॅब असलेली कॉलेजं आहेत. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही दोन्ही स्वातंत्र्याच्या आधीपासूनची आहेत. एकाच विद्यापीठात बदल सोपा पडतो. अर्ध्यातून दुसऱ्या विद्यापीठात गेलास तर तुझे क्रेडिट त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळवण्यात एक सेमिस्टर नुसतं खिडक्यांपुढे उभं राहण्यात जातं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किल कोर्स, सगळं प्रत्येकाने आपापल्या परीने बसवलेलं आहे.

यातलं काही नसेल, म्हणजे लॅब आहे पण वापरली जात नाही अशी नेहमीची गत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. बी.एस्सी. इथेच पूर्ण कर, बाहेर एम.एस्सी.ला जा. वडिलांची ऐपत दोन वर्षांची असेल तर ती दोन वर्षं एम.एस्सी.ची असू देत.

जर्नल उतरवण्याबद्दल सगळा दोष तुझ्या सरांवर टाकता येणार नाही. मीही कित्येक वर्षं त्या सोयीत सामील होते. वीस-वीस पोरांच्या चार बॅच, लॅब असिस्टंट एक, परीक्षा तोंडावर, आणि एका प्रॅक्टिकलला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्मा हातात. मग कुणीतरी फळ्यावर ‘९.८, ९.८, ९.८’ लिहितं आणि सगळे मान खाली घालून उतरवतात. कॉन्कॉर्डंट रीडिंग, म्हणजे एकमेकांशी जुळणारी! वीस पोरांचं दशांशापर्यंत सारखं येतं, आणि आम्ही त्यावर सही करतो. खऱ्या वीस ब्युरेटवर असं कधी होत नाही, हे आम्हालाही ठाऊक असतं.

यातून बाहेर पडायला मला एका मुलीने लावलं. यावल तालुक्यातली, बुजरी, वर्गात तोंड उघडायची नाही. एका सोमवारी ती बिसलेरीच्या बाटलीत घरच्या बोरिंगचं पाणी घेऊन आली आणि म्हणाली, ‘मॅडम, वडील ठिबकमधून ॲसिड सोडतात. किती सोडायचं ते कसं काढायचं?’

तुझ्या घरी केळी आहे, तेव्हा हा प्रकार तुला माहीत असणार. आपल्याकडच्या बोरिंगच्या पाण्यात क्षार भरपूर. हंड्याच्या आत पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, आणि ठिबकच्या ड्रिपरची तोंडं हळूहळू बुजतात. मग शेतकरी पाण्यात ॲसिड मिसळून नळ्यांत सोडतो, पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास आणतो, काही तास तसंच ठेवतो आणि मग फ्लश करतो. किती ॲसिड, हे दुकानदार सांगेल तेवढं, नाहीतर शेजाऱ्याने टाकलं तेवढं.

मी तिला आधी हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, काढायला बसवलं, कारण ते आमच्या प्रॅक्टिकलमध्येच होतं. ५० मिली पाणी, सामू १० वर धरून ठेवणारा अमोनिया बफर, रंग बदलून दाखवणारा इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमध्ये पाण्यातले क्षार बांधून घेणारं ०.०१ मोलर ईडीटीए. त्या ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, हिशेब सोपा. पण एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलून ‘थांब’ सांगणारी खूण, येईना. वाइन रेडपासून निळा व्हायला हवा, तो मध्येच जांभळ्यावर अडकायचा आणि तिथेच रेंगाळायचा. पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही. आम्ही दोघी दोन दिवस डोकं लावत बसलो. इंडिकेटर नवीन केला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. शेवटी तिनेच बफरच्या बाटलीचं बूच उघडून वास घेतला आणि म्हणाली, ‘याला वासच येत नाही.’ एप्रिल संपत आलेला, लॅबमध्ये पंखा गरम हवा फिरवतोय, बाटलीचं झाकण सैल. अमोनिया उडून गेलेला. बफरचा सामू १० वरून उतरला की हा इंडिकेटर स्वच्छ रंग बदलत नाही. ताजा बफर केला आणि रंग असा बदलला की ती दचकली.

तीन रीडिंग आली: २४.३, २४.६, २४.५. वीसने गुणलं की लिटरला साधारण ४९० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. तिच्या घरी हेच पाणी प्यायचे. तिचा चेहरा मला अजून आठवतो. भीती नव्हती त्यात. आपल्या घराबद्दल पुस्तकात नसलेली एक गोष्ट आपल्याला कळली, असा काहीसा तो भाव होता.

आणि मग खरी गंमत. ॲसिड किती लागेल हे हार्डनेसवरून निघतच नाही! ॲसिड खाऊन टाकतं ते पाण्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे अल्कलिनिटी मोजायला हवी. मिथिल ऑरेंज हा इंडिकेटर टाकून ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडने टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत ॲसिड थेंब थेंब मोजून सोडायचं. मिथिल ऑरेंज रंग बदलतो ३.१ ते ४.४ च्या मध्ये, म्हणजे शेतकऱ्याला नळीत जो सामू हवा असतो त्याच्याच आसपास. म्हणजे फ्लास्कमध्ये जे झालं तेच वावरात होणार, फक्त माप मोठं. तिच्या १०० मिली पाण्याला ८ मिली लागले. लिटरला ८ मिलिइक्विव्हॅलंट. बाजारातलं ॲसिड १० नॉर्मल, म्हणजे लॅबमधल्याच्या शंभरपट तीव्र धरलं तर लिटरमागे ०.८ मिली, हजार लिटरला ८०० मिली. तिचे वडील याच्या दुपटीहून जास्त टाकत होते. (तू करशील तेव्हा बाजारातलं ॲसिडही टायट्रेट करून बघ, डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नकोस. आणि पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.)

पुढे तिने गावातल्या अकरा विहिरी-बोरिंगचं पाणी तपासलं आणि आम्ही ते ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत मांडलं. विद्यापीठाच्या फेरीतून पुढे निवड झाली नाही. परीक्षक बाईंनी विचारलं होतं, ‘उन्हाळ्यात लॅबचं तापमान किती होतं? ब्युरेटवर तर २७ अंश लिहिलेलं असतं.’ आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. परत येताना बसमध्ये हिशेब केला. ४० अंशाला पाणी २७ च्या मानाने शेकडा ०.४ च्या आसपास फुगतं, म्हणजे २५ मिलीमागे ०.१ मिली, ब्युरेटचं एक घर. ईडीटीए आणि नमुना दोन्ही त्याच तापमानाला असतील तर बराचसा फरक एकमेकांत फिटतो, पण द्रावण हिवाळ्यात करून ठेवलेलं असेल तर नाही फिटत. आमचं डिसेंबरातलं होतं.

ही मुलगी शास्त्रज्ञ वगैरे झाली नाही. एम.एस्सी. करून ती गुजरातमधल्या अंकलेश्वरच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागली. आपल्याकडची, विशेषतः धुळे-नंदुरबारची, कितीतरी केमिस्ट्रीची पोरं त्या पट्ट्यात जातात. ती सांगत होती, मुलाखतीत तिला विचारलं, एंड पॉइंट नीट येत नसेल तर काय काय तपासशील? ती म्हणे वीस मिनिटं बोलत होती.

तेव्हा तुझ्यासाठी पहिलं काम हे. घरच्या बोरिंगच्या पाण्याची बाटली घेऊन लॅबमध्ये जा. परवानगी कशी मागायची? ‘सर, प्रॅक्टिकल नीट होत नाहीत’ अशी सुरुवात केलीस तर दार बंद होईल. ‘सर, शनिवारी दुपारी दोन तास ब्युरेट वापरू का, वडिलांना ठिबकसाठी हवंय’ असं म्हण. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. बहुतेक ठिकाणी पोरं नेटवरून उचललेली पानं बाइंडिंग करून देतात. तू हे दे. सरांनाही दाखवायला एक खरं काम मिळतं, ते नाही म्हणणार नाहीत.

लॅब असिस्टंट मामांशी मैत्री कर. कोणती बाटली कधी केली, कोणता तराजू शून्यावर येत नाही, हे त्यांनाच माहीत असतं.

आणि एक वही कर, जर्नल वेगळं. शंभर पानी साधी वही, शाईच्या पेनाने, तारीख टाकून. जे आलं ते लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर आणि व्हाइटनर नाही. ‘आज एंड पॉइंट आला नाही, कारण कळलं नाही’ हेही लिहायचं. कुणी सही करणार नाही, मार्क मिळणार नाहीत.

शिकवणारे बदलत राहतात म्हणालास. त्या जागा भरल्या गेलेल्या नाहीत आणि तासिका तत्त्वावर माणसं येतात-जातात, हे सगळीकडचंच चित्र आहे. त्याचा त्रास होतो, नाकारत नाही. पण एक बाजू अशीही आहे की हे सर-मॅडम पंचविशी-तिशीतले असतात, प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट-सेट परीक्षांचा अभ्यास ताजा असतो, अनेकांचं पीएच.डी. चालू असतं. तासाला मोजून पैसे मिळणाऱ्या माणसाकडे तू तासाबाहेर शंका घेऊन गेलास, तर तो चहा पाजून शिकवतो, हे मी माझ्याच स्टाफरूममध्ये बघितलंय. पर्मनंट झालेल्या आमच्यासारख्यांनाच कधीकधी घाई असते.

इंग्रजीचं. तुझं इंग्रजी कच्चं आहे हे खरं, पण पुस्तकावर झोप येते ती इंग्रजीमुळे नव्हे, असं मला वाटतं. रसायनशास्त्राच्या पुस्तकातली इंग्रजी क्रियापदं मोजकी असतात, तीच तीच येतात. झोप येते कारण वाचताना तुला त्यातून काही शोधायचं नसतं. बफर का बिघडला हे शोधत वाचशील तेव्हा जागा राहशील. माझी पद्धत सांगते. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि आईला सांगतोय अशा थाटात मराठीत किंवा घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत मोठ्याने सांगायचं. जिथे अडशील तिथे तुला कळलेलं नाही, इंग्रजीचा त्यात संबंध नाही. मग तेच चार ओळीत इंग्रजीत लिहायचं, मोडकंतोडकं चालेल. रोज एक परिच्छेद, दोन नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट बघता येतात. वेग कमी करून बघ, पण पेन हातात घेऊन. नुसतं बघणं म्हणजे सिनेमा.

आता पुढच्या वाटांबद्दल, कारण वेळापत्रक कुणी सांगत नाही आणि तारखा निघून जातात. तू एस.वाय.ला आहेस. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची रिसर्च फेलोशिप देतात. अर्ज साधारणपणे नोव्हेंबरच्या सुमारास असतो, अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत बघ. अर्जात ‘तुम्हाला काय करायचंय’ असा रकाना असतो, आणि आपल्याकडची पोरं तिथे ‘मला विज्ञानाची आवड आहे’ लिहून मोकळी होतात. तू तुझ्या गावच्या विहिरी-बोरिंगच्या पाण्यात स्वतः काय मोजलंस, त्याबद्दल लिही. नाही मिळाली तरी पुन्हा भर.

टी.वाय.ला गेलास की जॅम. आयआयटींची एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत होते आणि फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरला निघतात. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. तिथे एमसीक्यूला निगेटिव्ह मार्किंग आहे, पण संख्या लिहायच्या प्रश्नांना नाही. अभ्यासक्रम सगळा बी.एस्सी.चाच, म्हणजे एफ.वाय.पासूनचा, म्हणून तयारी आत्ताच सुरू कर. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी ही वेगळी प्रवेश परीक्षा. आणि आपलं जळगावचं विद्यापीठ विसरू नकोस. गिरणेच्या काठच्या त्या टेकडीवर रसायनशास्त्राची प्रशाळा आहे, तिथून बाहेर पडलेली पोरं मी जवळून पाहिलीत. ‘घराजवळ’ म्हणून त्याला कमी लेखायची आपल्याकडे खोड आहे. एखाद्या शनिवारी नुसतं जाऊन ये, तिथली उपकरणं बघ, कुणाला तरी विचार ती कशाला वापरतात.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआर नेट. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, पीएच.डी. करताना. वडिलांना हा आकडा सांग. शिक्षण म्हणजे फक्त घरातून जाणारा पैसा, असं त्यांच्या डोक्यात असेल तर त्यांचा दोष नाही, त्यांना दुसरं कुणी काही सांगितलेलं नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठीचा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता तुला लागू होतो का, हे कॉलेजच्या ऑफिसात विचार. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेव, तहसीलला ऐनवेळी गर्दी असते.

चौथं वर्ष करावं का, असंही तू शेवटी ओझरतं विचारलंयस. नव्या पद्धतीत चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि मग एक वर्षाचं एम.एस्सी. असा रस्ता आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला पात्र होता येतं. कागदावर छान. पण चौथ्या वर्षात संशोधन शिकवायला माणूस आणि यंत्र लागतं. तुझ्या कॉलेजात ते नसेल तर तीन वर्षांवर बाहेर पड आणि दोन वर्षांचं एम.एस्सी. धर.

पुण्याच्या मित्राला विचार, त्याने यावर्षी स्वतः किती टायट्रेशन केली. टोमणा म्हणून नको, खरंच विचार. कदाचित त्याची लॅब चांगली असेल आणि त्याच्याकडून तुला काही शिकता येईल. कदाचित तोही फळ्यावरचंच उतरवत असेल.

सध्या एवढंच कर. बाटली प्लॅस्टिकची चालेल, पण कोल्ड्रिंकची नको. मोटर सुरू करून दहा मिनिटं पाणी वाहू दे, मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळ, काठोकाठ भर, झाकण घट्ट लाव आणि तारीख लिही. अल्कलिनिटी त्याच दिवशी काढ. बफरच्या बाटलीचा वास आधी घेऊन बघ, फक्त नाक थेट लावू नकोस, हाताने वारा घालून. रीडिंग आली की मला कळव. तिन्ही वेगळी आली तर तिन्ही कळव.